जयमालाचा इंग्रजीचा पेपर

पल्परला माल कमी पडतोय, असा गद्रेसाहेबांचा दुसऱ्यांदा निरोप आला तेव्हा मी छाटणीच्या शेडकडे निघालो.

गद्रे आमचे मॅनेजर. एरवी शांत माणूस, पण त्या आठवड्यात फार चिडचिड करत होते. मिलच्या आवारात दहावीच्या उत्तरपत्रिकांचे सहा ट्रक उभे होते. दोन वर्षांचे पेपर गोदामात साठून राहिले होते आणि तीन दिवसांत त्या सगळ्यांचा लगदा करून द्यायचा होता. फाटकाजवळ खुर्ची टाकून परीक्षा खात्याचा माणूस बसला होता. एक कागद जरी बाहेर गेला तर पुढच्या वर्षीपासून हा माल दुसऱ्या मिलला जाईल, आणि तुझी नोकरी त्याच्याही आधी जाईल, असं गद्रेसाहेबांनी मला बजावलं होतं.

ही गोष्ट पंच्याण्णव सालची. मी तेवीस वर्षांचा होतो. बी.एस्सी. झालो होतो आणि कराडच्या अलीकडे, कोयनेकाठच्या त्या मिलमध्ये सुपरवायझर होतो. रद्दी यायची, तिचा लगदा व्हायचा आणि लगद्यातून वह्यांचा करडा कागद निघायचा. पल्पर म्हणजे विहिरीएवढी लोखंडी टाकी, तळाशी फिरतं पातं. वरून रद्दी आणि पाणी सोडलं की दहा-पंधरा मिनिटांत त्याची पेज होते. त्याआधी कागद छाटायला लागतो. दोरा, टाचण्या, पुठ्ठा बाजूला काढायला लागतो. ते काम आजूबाजूच्या गावांतल्या वीसेक बायका करायच्या.

सगळ्यांपुढे छाटलेल्या कागदाचे ढीग लागले होते. एकट्या सुंदराबाई लोंढेच्या पुढ्यात गुडघ्याएवढासुद्धा नव्हता.

“मावशी, बरं नाही का?” मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. एक पेपर उचलला, वरच्या कोपऱ्यात बघितलं, पात्यानं दोरा कापला, ठेवला. दुसरा उचलला. परत कोपऱ्यात बघितलं.

बायकांची मुकादम अनशाबाई लांबूनच म्हणाली, “सायेब, सकाळधरनं आसंच चाललंय. परतेक पेपराचा नंबर बघतीया. सांगून सांगून माझं त्वांड दुखलं.”

सुंदराबाई दोन महिन्यांपूर्वीच कामाला लागली होती. चाळिशीची, वाळलेली, अबोल बाई. कामाला चोख होती. आल्यापासून एकच गोष्ट तिनं मला तीन-चार वेळा विचारली होती, “दहावीचं पेपर कवा येनार?” मला वाटलं होतं, त्या दिवसांत जादा हजेरी मिळते म्हणून विचारत असेल.

“नंबर कशाला बघताय?” मी जरा आवाज चढवून म्हणालो. “तिकडं पल्पर रिकामा फिरतोय.”

तिनं पातं खाली ठेवलं. कमरेच्या बटव्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. परीक्षेचं ओळखपत्र होतं. वर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो. खाली नाव, जयमाला बाजीराव लोंढे. मार्च त्र्याण्णव.

“ह्यो नंबर कंच्या गठ्ठ्यात असंल, सायेब?”

“मावशी, असं करता येत नाही. गुन्हा आहे हा. आणि दोन वर्षांनी निकाल काही बदलत नाही.”

“निकाल न्हाई बदलायचा. तिनं काय लिव्हलंय तेवढं बघायचंय.”

“मग मुलीलाच विचारा की.”

“ती न्हाई आता,” सुंदराबाई म्हणाली. “बाळंतपनात गेली. कार्तिकात.”

शेजारच्या दोघी-तिघी बायकांचे हात थांबले. मी ओळखपत्र परत तिच्या हातात दिलं, पण तेवढ्यात त्यावरचा मुलीचा नंबर आणि केंद्राचा क्रमांक माझ्या डोळ्यांत बसला होता.

“कोणता विषय?”

“विंग्रजी. बाकीचं समदं निगालं हुतं. विंग्रजीत अकरा मार्क पडलं.” मग घाईनं म्हणाली, “मला आकडं वळखायला येत्यात. अक्षरं न्हाई येत. तुमी वाचून सांगा. मला कागूद नको, नुसतं सांगा.”

ती मिलमध्ये कामाला का आली होती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. शाळेच्या शिपायानं तिला सांगितलं होतं हे पुढं कळलं, की जुने पेपर कोयनेकाठच्या मिलमध्ये लगदा करायला जातात. लेकीला जाऊन दोन महिने होतात न होतात तोच ती आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती.

“जेवणाच्या सुट्टीत वजनकाट्याच्या खोलीत या,” मी हळू आवाजात म्हणालो. “आणि आता हात चालवा.”

गठ्ठा सापडायला वाटलं तेवढा वेळ लागला नाही. प्रत्येक पोत्याला केंद्राच्या क्रमांकाची चिठ्ठी होती आणि त्र्याण्णवची पोती अजून ट्रकमध्येच होती. वजन तपासायचं निमित्त करून मी एक पोतं उतरवून घेतलं. खात्याचा माणूस डबा उघडून बसला होता. जयमालाच्या नंबरचा इंग्रजीचा पेपर शोधून मी सदऱ्याच्या आत घातला आणि चालत काट्याच्या खोलीत आलो. पन्नास पावलांचं अंतर, पण पाठ घामानं भिजली.

सुंदराबाई आधीच येऊन खाली बसली होती. मी पेपर टेबलावर ठेवला. तिनं उठून आधी नंबर बघितला, एकेका आकड्यावर बोट ठेवून. मग नंबराशेजारी लाल शाईतला अकरा बघितला.

“उगडा,” ती म्हणाली.

मी पान उलटलं. एवढं सुंदर अक्षर मी त्या मिलमध्ये येणाऱ्या हजारो कागदांत क्वचित पाहिलं असेल. उजवीकडे किंचित झुकलेलं, टपोरं, कुठं खाडाखोड नाही. दुसरं पान भरलेलं. तिसरं भरलेलं. शेवटपर्यंत, आणि जोडलेल्या दोन पुरवण्यासुद्धा.

“भरलंय की समदं!” सुंदराबाई म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

मी वाचायला लागलो. पहिल्या पानावर गाळलेल्या जागा होत्या, त्यातल्या काही बरोबर होत्या. तिथंच ते अकरा गुण मिळाले होते. त्यापुढे पहिला मोठा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी शोधत होतो, पण त्याच्याखाली दुसरा प्रश्न सुरू झाला होता. मग उतारा आला, तो सगळाच्या सगळा उतरवलेला. त्याखालचे प्रश्न उतरवलेले. निबंधाचे विषय उतरवलेले. प्रश्नपत्रिका संपल्यावर पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. त्या मुलीनं अख्खी प्रश्नपत्रिका दोन वेळा लिहून काढली होती, स्वच्छ, टपोऱ्या अक्षरांत. त्यात उत्तर एकही नव्हतं. तपासणाऱ्यानं सुरुवातीला पानापानावर तिरकी रेघ मारली होती, पुढं त्यानं रेघाही मारल्या नव्हत्या.

मी पानं उलटत होतो आणि सुंदराबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“काय लिव्हलंय?”

मी वर बघितलं. तिची मान एका बाजूला कलली होती, बहिऱ्या माणसाची कलते तशी.

“चांगलं लिहिलंय, मावशी.”

“समदं?”

“सगळं लिहिलंय. उत्तरं बरोबर आहेत.”

“मंग अकराच का दिलं?”

“तपासणाऱ्याचं लक्ष नसेल. एकेकाकडे शेकडो पेपर असतात. होते चूक.”

ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, ज्यानं त्याचं काम नीट केलं होतं, त्याच्यावर मी ते ढकललं. अडखळलोसुद्धा नाही. मला वाटलं, बाई रडेल, डोळे पुसेल, लेक हुशार होती म्हणेल आणि जरा हलकी होऊन घरी जाईल.

ती रडली नाही. टेबलाची कड धरून हळूहळू खाली बसली.

“म्हंजी खरं बोलत हुती,” ती म्हणाली.

“कोण?”

“निकाल घिऊन आली तवा दारातच म्हनली, आई, म्या समदं लिव्हलं हुतं. येक पान कोरं सोडलं न्हाई. म्या तिच्या थोबाडीत दिली. म्हनलं, नापास ती नापास आन् वर खोटं बोलतीस? गल्ली जमली हुती. गल्लीसमूर मारली.” ती जमिनीकडे बघत बोलत होती. “तिचा बा म्हनला हुता, पास झाली तर शिकीव, न्हाईतर मी लगीन लावनार. म्या आडवी पडले असते तर त्यो थांबला असता. त्यो ऐकतो माझं. पन मीच तिला खोटारडी म्हनल्यावर कंच्या तोंडानं आडवी पडू? मार्गशिरसात लगीन केलं. सोळा वरसांची हुती.”

“मावशी—”

“दवाखान्यात शेवटला हात धरला माझा. तवाबी तेच. आई, म्या लिव्हलं हुतं गं. म्या म्हनलं, गप पड.”

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिनं तो बघितलाही नाही.

“म्या म्हनत हुते, येकडाव डोळ्यानं बघावं,” ती म्हणाली. “कोरं असंल. कोरं असलं म्हंजी म्या मारलं ते बराबर हुतं. आईनं मारायचं न्हाई तर कुनी मारायचं? पन भरल्यालं निगालं.”

ती पेपर कोरा निघावा म्हणून आली होती. दोन महिने ती त्यासाठीच धुळीत बसून कागद छाटत होती. मला ते कळलं तेव्हा भोंगा झाला. सुट्टी संपली. बाहेर बायकांच्या चपला वाजायला लागल्या.

सुंदराबाई उठली. पेपराच्या पहिल्या पानावरून तिनं तळहात फिरवला. “ह्यो मी ठिवू का, सायेब?”

“नाही ठेवता येणार. नियम आहे.”

नियम होताच. पण मी नाही म्हणालो त्याचं कारण नियम नव्हतं. तो पेपर तिच्या घरी गेला असता तर आज ना उद्या गावातल्या कुणीतरी तिला तो वाचून दाखवला असता.

ती बाहेर गेल्यावर मी तो पेपर घेऊन स्वतः जिना चढलो आणि पल्परमध्ये टाकला. पानं सुटी झाली, पाण्यावर एक फेरा मारला आणि आत ओढली गेली. खात्याचा माणूस खालून बघत होता. तो समाधानानं मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. रविवारी मी सायकल काढली आणि तिच्या गावाला गेलो. ती अंगणात शेणी थापत होती. दारात चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी तांदूळ निवडत होती, तिची धाकटी लेक, राजश्री. मला बघून सुंदराबाईनं हात धुतले आणि पोतं अंथरलं. मी बसलो नाही.

“मावशी, मी त्या दिवशी खोटं बोललो.”

तिनं अंथरलेल्या पोत्याचं टोक सरळ केलं.

“पेपर भरलेला होता, पण उत्तरं नव्हती. तिनं प्रश्नच उतरवून काढले होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी तसं बोललो. मार्क बरोबर होते. तपासणाऱ्याची काही चूक नव्हती.”

सुंदराबाईनं पदरानं हात पुसले. “तुमची आई हाय का, सायेब?”

“आहे.”

“चांगलं वळन लावलंय तिनं.” ती शांतपणे म्हणाली. “माझं हाल अनशानं सांगितलं असतील. म्हनून आलाय.”

“नाही मावशी, हे खरं आहे.”

“त्या दिशी बोलला ते तोंडातनं आपसूक आलं हुतं. आज ठरवून आलाय.” तिनं धाकटीला हाक मारली, “राजे, सायबास्नी च्या ठेव.”

मी शपथ घ्यायला लागलो तर तिनं हात वर करून थांबवलं. दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. चहा पिऊन मी परत आलो.

आठवड्याभरानं फाटकावरच्या वॉचमननं निरोप आणला, कुणीतरी भेटायला आलंय. बाहेर एक उंच माणूस उभा होता. गवंडी असावा, नखांत सिमेंट, टोपीवर चुना. त्यानं नमस्कार केला.

“मी बाजीराव लोंढे. सुंदराचा मालक.”

मी त्याला कागदाच्या गासड्यांच्या आडोशाला नेलं. तो बसला नाही.

“सायेब, आठ दिस झालं घरात बोलनं न्हाई. ती गल्लीत समद्यांस्नी सांगतीया, माझी पोरगी पास हुती, आमी दोगांनी मारली. मी म्हनलं, तुला कुनी सांगितलं? तर तुमचं नाव घेतलं.” त्यानं टोपी काढून हातात घेतली. “लोकं म्हनत्यात, लेकीच्या दुखानं येडी झालीया. माझा भाऊ म्हनतो, तिला तिच्या म्हायेरी सोडून ये. मी सातवी शिकलोय, पन विंग्रजी न्हाई येत मला. खरं काय ते तुमी सांगा. तुमी म्हनाल ते मी ऐकनार.”

खरं सांगायला यापेक्षा सरळ प्रसंग मला मिळाला नसता. हा माणूस ते ऐकायला पाच मैल चालत आला होता आणि माझ्यावर विश्वास ठेवणार होता. मी बोललो असतो तर तो घरी गेला असता आणि गल्लीपुढं उभा राहून म्हणाला असता, साहेब स्वतः म्हणाले, तसं काही नव्हतं. सुंदराबाई खोटारडी ठरली असती किंवा वेडी. त्याच दारात, त्याच लोकांपुढं.

“खरं आहे,” मी म्हणालो. “तिनं पूर्ण पेपर लिहिला होता.”

“मार्काची चूक?”

“चूक झाली होती.”

“शप्पत?”

“शपथ.”

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, परत काढली. मग गासडीवर टेकला. बराच वेळ तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

“पाव्हनं बरं हुतं,” तो म्हणाला. “म्हनलं नापास पोर, किती दिस घरात ठिवायची? सुंदरा कायबी बोलली न्हाई. ती बोलली असती तर... पन ठरीवलं म्याच.”

पल्पर सुरू झाला, पायाखालची जमीन थरथरायला लागली. तो थांबेपर्यंत बाजीराव बसून राहिला. मग उठला, दोन पावलं गेला आणि वळला.

“धाकटी नववीत हाय. तिलाबी विंग्रजी येत न्हाई.” तो अडखळला. “तुमी शिकीवता का?”

त्या उन्हाळ्यापासून दर रविवारी सकाळी मी लोंढ्यांच्या अंगणात बसायला लागलो. सुंदराबाई पुन्हा कामावर आली होती. घरात नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतं बोलायचे, पण बोलायचे. राजश्री शांत मुलगी होती. ती दहावीला पहिल्यांदा नापास झाली. इंग्रजीतच. त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो होतो. बाजीराव म्हणाला, “ऑक्टोबरात परत बसंल,” आणि सुंदराबाईनं तिच्या ताटात भाकरी वाढली. एवढंच झालं. ऑक्टोबरात ती एक्केचाळीस गुण घेऊन सुटली. पुढं ती नर्सिंगला गेली. लग्न तिचं चोविसाव्या वर्षी झालं.

हे सगळं नंतरचं. मला राहून राहून आठवतो तो आमचा तिसरा की चौथा रविवार. मी तिला एक उतारा दिला होता आणि खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगितलं होतं. सुंदराबाई घरात भाकरी थापत होती. अर्ध्या तासानं राजश्रीनं वही पुढं केली. दोन पानं भरली होती. टपोरं, उजवीकडं किंचित झुकलेलं अक्षर. तिनं पाचही प्रश्न उतरवून काढले होते आणि त्यांच्याखाली अख्खा उतारा.

मी पान उलटून पुन्हा बघितलं.

“हे काय?” मी विचारलं. “उत्तरं कुठायत?”

“येत न्हाईत.”

“मग हे का लिहिलंस?”

“अक्कानं शिकीवलंय,” राजश्री म्हणाली. “येत नसलं तर प्रश्न लिव्हायचा. पन पान कोरं सोडायचं न्हाई. भरल्यालं दिसलं म्हंजी मास्तर मार्क देत्यात. तिनं परीक्षेतबी तसंच केलं हुतं. घरी आल्यावर मला सांगितलं हुतं.”

मी घराच्या दाराकडे बघितलं. आतून थापटण्याचा आवाज येत होता.

“मी सांगायला आलो होतो तेव्हा तू दारातच बसली होतीस,” मी हळू म्हणालो. “तू ऐकलंस.”

तिनं मान हलवली.

“मग आईला का नाही सांगितलंस?”

राजश्री चटईची एक काडी खुडत राहिली.

“आदी आई म्हनायची, अक्का खोटारडी हुती,” ती म्हणाली. “आता म्हनती, ती खरं बोलत हुती. अक्का खरंच बोलत हुती की. तिनं लिव्हलं हुतं समदं.”

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. सुंदराबाईनं विचारलं, “काय गं, जमतंय का?”

राजश्रीनं माझ्याकडं बघितलं.

“जमतंय,” मी म्हणालो. वही तिच्याकडं सरकवली, पहिल्या प्रश्नाखाली मोकळी जागा नव्हती म्हणून पुढचं पान उघडून दिलं, आणि उत्तराची पहिली ओळ सांगितली.